स्मरणचित्राचा कोरा कागद: नववीतल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अफॅन्टेझियाचं, म्हणजे मनात चित्रच न येण्याचं. पुण्यातल्या एका मराठी शाळेतली नववीची मुलगी. इथे तिला मीरा म्हणू; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरीला ती बसणार होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे या परीक्षेचे भाग. वस्तुचित्रात मीरा वर्गात सगळ्यांच्या पुढे. तांब्या, फुलपात्र, दोन वांगी आणि मागे सुरकुतलेला पडदा एवढं मांडून दिलं की तासाभरात तिचं रेखाटन तयार. तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ, जिथे बहुतेक मुलांची गाडी अडते, तेही बिनचूक. भूमिती तर हातचा मळ.

स्मरणचित्राचा कागद मात्र कोरा राहायचा. 'मंडईतील दृश्य' हा विषय दिला तेव्हा पाऊण तासात तिने कागदाच्या मधोमध एक तराजू काढला. तराजू उत्तम होता, पारड्यांच्या साखळ्यांसकट. त्याच्या आजूबाजूला खोडरबराने मळलेला कागद, बाकी काही नाही.

अडचण

कलाशिक्षकांचा सल्ला नेहमीचाच होता: "अगं, डोळे मीट, मंडई डोळ्यांसमोर आण आणि जे दिसतंय ते काढ." मीरा डोळे मिटायची, दोन मिनिटांनी उघडायची आणि परत तराजूच गडद करत बसायची.

तिघांनी याचे तीन अर्थ लावले होते. सरांना वाटलं की मुलगी आळस करते. वस्तुचित्रं कुणीतरी गिरवून देत असेल अशीही शंका त्यांनी एकदा बोलून दाखवली. आईला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मीराने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं की आपल्याला कल्पनाशक्तीच नाही. ती शाळेत येणाऱ्या समुपदेशक ताईंकडे पोचली तेव्हा परीक्षेला दहा आठवडे उरले होते.

पहिला निर्णय: आधी काय तपासायचं

आईच्या आग्रहाखातर सुरुवात नेत्रतपासणीने झाली. नंबर तोच निघाला. अपॉइंटमेंट, थेंब, रिपोर्ट यात तीन आठवडे गेले. जी मुलगी समोरचा तांब्या अचूक काढते तिची अडचण समोरचं दिसण्यात नसणार, हे तिच्या वस्तुचित्रांवरूनच कळायला हवं होतं.

तपासणीत खरं तर पहिला प्रश्न असायला हवा होता की हे केव्हापासून आहे. मनातली चित्रं आधी येत होती आणि नंतर बंद झाली, असं कुणी सांगितलं तर वाट वेगळी. डोक्याला मार, झटके, पक्षाघात, मोठं आजारपण यांची चौकशी करायची आणि थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं. असं होऊ शकतं. मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ब्रिटनमधल्या 65 वर्षांच्या एका निवृत्त सर्व्हेअरची नोंद छापली. हृदयाच्या रक्तवाहिनीवरच्या उपचारानंतर त्याची मनातली चित्रं एकाएकी गेली, बाकी स्मरणशक्ती आणि बुद्धी शाबूत. मीराच्या बाबतीत असं काहीच नव्हतं. "आधी येत होतं का?" यावर ती म्हणाली, "काय येत होतं?" एका नातेवाइकांनी एमआरआय सुचवला होता, तो या उत्तरानंतर बाजूला ठेवला. जन्मापासून असलेल्या अशा वेगळेपणाचं निदान साध्या एमआरआयवर होत नाही.

तपासणीत काय सापडलं

मनःचित्र किती स्पष्ट येतं हे मोजायला मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांची 1973 ची प्रश्नावली अजूनही वापरतात. चार प्रसंग, प्रत्येकी चार प्रश्न, एकूण सोळा: ओळखीचा माणूस, सूर्योदय, नेहमीचं दुकान, डोंगर-तळ्याचा देखावा. प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण, म्हणजे बेरीज 16 ते 80. आज रूढ असलेल्या मोजणीत 16 म्हणजे चित्र अजिबात नाही. मीराला हे प्रश्न मराठीत तोंडी विचारले. भाषांतर कामचलाऊ होतं, प्रमाणित नव्हतं, त्यामुळे आकड्याला एका मर्यादेपलीकडे किंमत द्यायची नाही हे आधीच ठरलं होतं.

पहिल्या फेरीत बेरीज 58 आली. म्हणजे सगळं आलबेल! गोम भाषेत होती. मराठीत 'डोळ्यांसमोर येतं' हे आपण आठवणीला, ओळखीला, जाणिवेला, सरसकट कशालाही म्हणतो. मीराही तसंच म्हणत होती. "सूर्य उगवताना दिसतो का?" "हो." त्यावर पुढचा प्रश्न टाकला: "सूर्य डोंगराच्या डावीकडे आहे की उजवीकडे?" मीरा क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कुठे घेऊ?" आकाशाचा रंग विचारला तेव्हा म्हणाली, "तुम्ही सांगाल तो घेते, ताई."

या 'घेऊ'मध्ये सगळं प्रकरण आलं. ज्याला चित्र दिसतं त्याच्या सूर्याला विचारण्याआधीच बहुधा जागा मिळालेली असते. मीराकडे सूर्य होता तो माहिती म्हणून. विचारल्यावर ती जागा ठरवत होती. 'दिसतं' म्हणजे नेमकं काय हे उदाहरणांनी समजावून दुसरी फेरी घेतली. बेरीज 17.

पुढचा प्रश्न जुना आणि कामाचा: "आजीच्या घराला खिडक्या किती?" मीराची बोटं टेबलावर फिरू लागली. ओसरी, वळण, माजघर, मागे वळून स्वयंपाकघर, मग जिना. "सात. न्हाणीघराचा झरोका धरला तर आठ." आईला फोन करून खात्री केली, आठ. चित्र नव्हतं, पण घराचा नकाशा अंगात होता.

मग तिला स्वतःचा वर्ग आठवून काढायला सांगितलं. बाकांच्या रांगा, दार, दोन खिडक्या, पंख्यांच्या जागा, सगळं प्रमाणात. फळ्याच्या चौकोनात मात्र 'फळा' असं लिहिलेलं आणि शेजारच्या चौकोनात 'सुविचार'. विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये छापलेल्या अभ्यासाशी हे जुळतं: मनःचित्र न येणाऱ्यांनी खोलीचं चित्र आठवणीतून काढलं तेव्हा त्यात वस्तू आणि रंग कमी होते, शब्दांच्या चिठ्ठ्या जास्त होत्या, पण वस्तूंच्या जागा इतरांइतक्याच अचूक होत्या. नसलेल्या वस्तू घुसडण्याच्या चुकाही त्यांच्याकडून कमी झाल्या होत्या.

शेवटी ठोकळ्यांच्या जोड्या, शेपर्ड आणि मेट्झलर यांनी 1971 मध्ये वापरल्या त्या धर्तीच्या. दोन आकृत्या एकच आहेत की आरशातलं प्रतिबिंब, ते मनात फिरवून सांगायचं. बारापैकी अकरा बरोबर, पण सावकाश, आणि प्रत्येक वेळी मनगट वळवत.

मनात चित्र तयार होतं म्हणजे काय होतं

समोरची वस्तू बघताना माहिती डोळ्यांच्या पडद्यावरून मेंदूच्या मागच्या भागात जाते आणि तिथून पुढे दोन वाटा फुटतात. खालची वाट 'हे काय आहे' याची: आकार, रंग, चेहरा. वरची वाट 'हे कुठे आहे' याची: जागा, अंतर, दिशा. मनःचित्रात प्रवाह बराचसा उलटा वाहतो. मेंदूच्या पुढच्या भागातून हुकूम निघतो, आठवणीतला माल काढला जातो आणि दृष्टीचं काम करणारेच भाग, बाहेरून प्रकाश न येता, कमीजास्त प्रमाणात जागे होतात. दृष्टीच्या अगदी पहिल्या केंद्रापर्यंत हा प्रवाह पोचणं गरजेचं आहे की नाही, यावर अजून एकमत नाही.

मनःचित्र खरंच चित्रासारखं असतं का, हा वाद जुनाच आहे. 1978 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीफन कॉसलिन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ करायला लावला. मनातल्या नकाशावर एका खुणेवरून दुसरीकडे जायला लागणारा वेळ अंतराबरोबर वाढत गेला. म्हणून मनःचित्र खरोखर चित्रासारखं असतं, असं त्यांचं म्हणणं. झेनन पिलिशिन यांचं म्हणणं उलट: आत फक्त वर्णनासारखी माहिती असते, चित्र हा भास. मीरासारख्यांकडे बघताना असं वाटतं की दोन्ही पक्ष बहुधा आपापल्या डोक्याबद्दल खरं बोलत असावेत.

माणसामाणसांत हा फरक असतो हे ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1880 मध्येच नोंदवलं होतं. सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवा आणि काय दिसतं ते लिहा, असं त्यांनी लोकांना विचारलं होतं. 'अफॅन्टेझिया' हे नाव मात्र झेमन, ड्युअर आणि डेला साला यांनी 2015 मध्ये दिलं. चित्र अजिबात न येणारे शंभरात सुमारे एक. अगदी पुसट येणारे धरले तर सुमारे चार. हे नुसतं सांगण्यापुरतं नाही याचाही पुरावा आहे. उजळ आकार मनात आणला की सामान्यतः डोळ्याची बाहुली किंचित लहान होते. 2022 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात अफॅन्टेझिया असलेल्यांच्या गटात हा बदल आढळला नाही.

मीराच्या बाबतीत 'काय'ची वाट हुकमावर चित्र देत नव्हती, 'कुठे'ची वाट तल्लख होती. स्वप्नं मात्र तिला चित्रांतच पडत. यात विसंगती नाही. स्वप्न आपण मागवत नाही. चेहरे ओळखण्यात काही अडचण आहे का हेही विचारलं, कारण काहींना ती असते. मीराला नव्हती.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, परीक्षा सोडून देणं. आई तयार होती. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी इतका ताप कशाला, हा तिचा हिशोब. मीराने नकार दिला. वस्तुचित्राचे गुण फुकट घालवायला ती राजी नव्हती.

दुसरा, सवलत मागणं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि अफॅन्टेझिया त्यात नाही. तो आजारही नाही. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

तिसरा, डोळे मिटून सराव वाढवणं. सरांचा कल इकडे होता, आणि त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. त्यांना स्वतःला डोळे मिटले की मंडईतल्या कोथिंबिरीच्या जुड्या दिसत. जे आपल्याला फुकट मिळतं ते दुसऱ्याला मिळतच नसेल, हे पटणं अवघड असतं. पण जन्मजात अफॅन्टेझियात सरावाने चित्र दिसू लागेल असं सांगण्याजोगा भक्कम पुरावा नाही, आणि हाताशी सात आठवडे होते.

चौथा, चित्र डोळ्यांसमोर न आणता कागदावर उभं करणं. तिच्या जागेच्या जाणिवेवर आणि भूमितीवर सगळा भार टाकायचा. हाच निवडला. एड कॅटमल, पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचे माजी अध्यक्ष, यांनाही मनःचित्र येत नाही हे सरांना सांगितलं, तेव्हा त्यांचा विरोध मावळला. पुराव्यापेक्षा एका नावाचा उपयोग जास्त झाला, हे नमूद करायला हवं.

प्रत्यक्ष काय केलं

आठवड्यात तीन बैठका, प्रत्येकी 50 मिनिटं. कागद 15 बाय 11 इंच.

सुरुवात क्षितिजरेषेपासून. चित्र बघणारा उभा असेल तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, साधारण त्याच्याच उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, मग ती जवळ असोत की लांब. बदलतात ते पाय. भाजीवाली जमिनीवर बसलेली असेल तर तिचे डोळे त्या जागेपासून क्षितिजरेषेपर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्म्यावर येतात. म्हणजे एका ठिकाणी जमीन क्षितिजरेषेच्या 8 सेंटीमीटर खाली असेल तर तिथल्या भाजीवालीचे डोळे 4 सेंटीमीटरवर. मीराला हा नियम मिळाला आणि पहिल्याच बैठकीत सहा माणसं उभी राहिली. चित्र मोहक नव्हतं. पण कागद कोरा राहिला नाही, ही त्या दिवसाची कमाई.

दुसरी गोष्ट वरून नकाशा. चित्र काढण्याआधी त्याच प्रसंगाचा आराखडा, पक्षी बघेल तसा, 6 बाय 4 सेंटीमीटरच्या चौकटीत. टिळकांचा पुतळा इथे, मंडईची अष्टकोनी इमारत मागे, गाळे असे, गिऱ्हाईक इथे, मी इथे उभी. हे तिला दोन मिनिटांत जमायचं, खिडक्या मोजल्या होत्या तसंच. मग नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याला क्षितिजरेषेच्या नियमाने उभं करायचं.

तिसरी गोष्ट हाताची सवय. बसलेली भाजीवाली, डोक्यावर पाटी घेतलेला हमाल, वाकून भाजी निवडणारी बाई, पिशवी धरलेलं मूल, अशा आठ मुद्रा निवडल्या. फोटो दोन मिनिटं बघायचा, झाकायचा, काढायचा, उघडून लाल पेन्सिलने चुका दुरुस्त करायच्या. आधी झाकल्याबरोबर, मग दहा मिनिटांनी, मग दुसऱ्या दिवशी. आठवण हातात साठवायची, डोळ्यांत नाही. मापं मीराने स्वतः मोजून वहीत लिहिली: उभा मोठा माणूस सुमारे साडेसात डोकी, मांडी घालून बसलेला सुमारे चार.

काय बिघडलं

तिसऱ्या आठवड्यात चित्रं भरू लागली आणि एक नवा दोष वर आला. सगळी माणसं सुटी सुटी, शेजारी शेजारी, वर्गाच्या फोटोसारखी. कुणी कुणाला झाकत नव्हतं. कारण सरळ होतं: यादीतल्या प्रत्येकाला ती पूर्ण काढत होती, कारण तिला ठाऊक होतं की हमालाला दोन पाय असतात. चित्र दिसणाऱ्याला टोपलीमागे पाय दिसत नाहीत. उपाय नकाशातच होता. बघणाऱ्याच्या ठिपक्यापासून प्रत्येक माणसाकडे पट्टीने रेषा ओढायची. रेषेने मध्ये कुणाला छेदलं की मागचा माणूस तेवढा झाकला. वाटेत आणखी एक नियम ठरला, प्रत्येक चित्रात किमान तीन झाकाझाकी.

रंग शेवटपर्यंत त्रास देत राहिले. मीराला रंग नावाने आठवत. मिरवणुकीतला झेंडा 'भगवा', म्हणून सबंध झेंडा एकाच भगव्याने. सावलीचे रंग सूत्र म्हणून लिहून दिले, जसं 'भगव्याची सावली: भगवा आणि थोडा तपकिरी'. याने चित्र सपाट वाटेनासं झालं, पण ताजं वाटलं असं म्हणता येणार नाही.

दुसरी चूक चित्राबाहेरची. सरांनी चांगल्या हेतूने वर्गात सांगून टाकलं की मीराला मनात चित्र दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून "हिला काहीच दिसत नाही" असं चिडवणं सुरू. त्याच आठवड्यात मीराने विचारलं, "ताई, आजोबांचा चेहरा मला आठवत नाही, म्हणजे मी त्यांना विसरले का?" आजोबा आदल्या वर्षी गेले होते. घरी सगळे म्हणत की ते डोळ्यांसमोरून जात नाहीत. आजोबांबद्दल काय काय ठाऊक आहे ते तिला सांगायला लावलं. पानाला चुना कमी, जिना चढताना तिसऱ्या पायरीवर खोकला, हाक मारताना 'ए मीरे'. वीस मिनिटं ती बोलत होती. तो दिवस चित्र काढायचा नव्हता.

निकाल

एलिमेंटरीत बी श्रेणी. परीक्षेत तिने निवडलेला विषय सरावातला नव्हता. बसथांब्यावरचा प्रसंग होता. पहिली दहा मिनिटं नकाशात गेली, बाकी वेळ पुरला. सरांच्या मते चित्र 'ताठ' होतं, आणि ते खरं आहे. पुढच्या वर्षी ती इंटरमिजिएटला बसली. बसण्याआधी तिने एकच गोष्ट विचारली, घनभूमितीला किती गुण असतात.

वेगळं काय करता आलं असतं

नेत्रतपासणीऐवजी पहिल्याच दिवशी वर्गाचा आराखडा काढून घेतला असता तर तीन आठवडे वाचले असते. 'फळा' असं लिहिलेला तो चौकोन पुरेसा बोलका होता.

प्रश्नावलीची पहिली फेरी 58 वरच थांबली असती तर प्रकरण 'आळस' या शेऱ्याने बंद झालं असतं. मराठीत हे प्रश्न विचारताना 'दिसतं का' असं विचारून भागत नाही. डावीकडे की उजवीकडे, साडीचा काठ कोणता, असे पाठचे प्रश्न हवेत, आणि उत्तर येतं की ठरवलं जातं यावर लक्ष हवं.

अफॅन्टेझियाबद्दल वर्गात सांगायचं की नाही हे मीराला विचारायला हवं होतं. झाकाझाकीचा नियम तिसऱ्या आठवड्यात आला, तो पहिल्यात यायला हवा होता. भूमिती उत्तम असलेल्या मुलीला तो एका बैठकीत कळला असता. रंगांसाठी नावांच्या सूत्रांऐवजी सुरुवातीपासून रंगपट्ट्या हातात द्यायला हव्या होत्या, म्हणजे आठवण्याऐवजी तुलना करता आली असती. इंटरमिजिएटच्या तयारीत तेच केलं. आता तिच्या वहीच्या मागच्या पानावर भगव्याच्या सहा पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, खाली 'ऊन', 'ढग', 'मांडवाखाली' असं पेन्सिलने लिहिलेलं.